वरचा गोल, खालचा गोल

शाळेच्या मैदानाला उतार होता आणि सरांना त्याचा अभिमान होता. कुणाला पोराबाळांचा अभिमान असतो, कुणाला घराण्याचा. उताराचा अभिमान बाळगणारा माणूस विरळाच. पण सर खेळाचे शिक्षक होते, फुटबॉलचे कोच होते, आणि मुख्य म्हणजे याच शाळेत शिकून, याच मैदानावर गुडघे फोडून घेऊन मोठे झाले होते. शाळेच्या इमारतीकडचा गोल उंचावर आणि मागच्या भिंतीकडचा सखल भागात. उतार असा की नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळावा. पण मधोमध चेंडू ठेवून पाठ वळवली, की वळून बघेपर्यंत स्वारी भिंतीकडे निघालेली असायची. इमारतीकडचा तो 'वरचा गोल' आणि भिंतीकडचा तो 'खालचा गोल', ही नावं सर शाळेत होते तेव्हापासून चालत आलेली.

या उतारावर सरांनी एक अख्खं शास्त्र उभं केलं होतं. नाणेफेक जिंकली की आपण पहिल्या हाफला वरच्या गोलवर खेळायचं, म्हणजे चढावर. दमायचं, पण गोल खायचा नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की उतार आपला. नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली तरी काळजी नव्हती. पाहुणे बिचारे मैदान बघून उतार आधी स्वतःच्याच पदरात पाडून घ्यायचे आणि दुसऱ्या हाफला दमलेल्या पायांनी चढ चढत बसायचे. म्हणजे छापा पडो की काटा, फायदा आपलाच. मध्यंतरातलं सरांचं भाषणही एका वाक्याचं असे. "पोरांनो, आता उतार आपला!" एवढं ऐकलं की पोरं उधळलेल्या वासरांसारखी सुटायची.

घरच्या मैदानावर हा संघ हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बाहेरच्या मैदानावर जिंकल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

बाहेर गेलं की सगळं ठरलेलं असे. पहिला हाफ पोरं जीव तोडून खेळायची आणि मध्यंतर झालं की कुणीतरी हवा काढून घ्यावी तशी व्हायची. पास अर्ध्या वाटेत थांबायचे, समोरच्यांच्या पायात आयते जायचे, आणि बघता बघता तीन-चार गोल अंगावर. बाकीच्या शाळांनी त्यांना 'कुंपणातले वाघ' असं नाव ठेवलं होतं. ते ऐकलं की सरांच्या अंगाचा तिळपापड होई. मात्र त्यांचं निदान पक्कं होतं: पोरं घाबरतात, आणि पोरांचा दम कमी पडतो. त्यावर औषधही पक्कं होतं: पळा. दर वर्षी हंगामाच्या आधी सर पोरांना पळवत. पोरं पळत, वाळत, आणि बाहेर जाऊन पुन्हा दुसऱ्या हाफला हरून येत.

या वर्षी तयारी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून घेतलं. बाई शाळेत तशा नवीनच, बोलायला मऊ, पण शब्दाला पक्क्या.

"बसा सर. तुमच्या संघातला तो बारीक मुलगा, काय म्हणता तुम्ही त्याला?"

"सुतळी."

"त्याची आई आली होती माझ्याकडे. मागच्या वर्षीचा शेवटचा सामना हरून आल्यावर तो कितीतरी दिवस नीट जेवला नाही म्हणे. सर मला भित्रा म्हणाले, एवढंच बोलत होता."

"भित्रा असं नव्हतो म्हणालो, मॅडम."

"मग काय म्हणाला होतात?"

सर खुर्चीत जरा हलले. "म्हणालो होतो, की दुसऱ्या हाफला तुझ्या अंगात रक्त असतं की पाणी."

"तेच ते," बाई म्हणाल्या. "हे बघा, मला हरण्याचं काही नाही. कुणीतरी हरणारच. पण दर वर्षी त्याच मुलांना त्याच हाफला रडवून आणायचं, याला मी तरी खेळ म्हणणार नाही. साखळी सामन्यांच्या आधी मोठ्या शाळेच्या मैदानावर तुमचा एक सराव सामना असतो ना? मी स्वतः येते. तिथे पुन्हा तोच प्रकार दिसला, तर साखळीतून नाव मागे घ्यायचं. मग मुलं खेळतील इथेच, आपापसांत."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. इथेच, आपापसांत! म्हणजे संघ नावापुरता. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. मैदानाखालून पाण्याचा मोठा पाइप जाणार होता, त्यामुळे तयारीचे पहिले काही आठवडे मैदान मिळणार नव्हतं. आणि खोदाईच्या मशीनवाल्या काकांचं म्हणणं होतं, की निघालेली माती लांब नेऊन टाकण्यापेक्षा भिंतीकडच्या सखल भागात भरू, मैदान आयतंच सपाट होईल.

"अजिबात नाही!" सर उभेच राहिले. "पाइप टाका, काय हवं ते टाका, पण उताराला हात लावायचा नाही. तो आमचा बारावा खेळाडू आहे. काकांना खेळायचाय का फुटबॉल?"

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. बाहेर जाऊन मशीनवर चढू पाहणाऱ्या काकांनाही त्यांनी तेच ऐकवलं. काकांनी खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं.

मैदान गेलं तर गेलं. गोलकीपर पोराचे वडील एका गोदामात मुकादम होते. त्यांनी शब्द टाकून गोदामामागचं मोकळं आवार मिळवून दिलं. वर्षानुवर्षं ट्रक उभे राहून तिथली माती दाबली गेली होती, टणक आणि पाटासारखी सपाट. एका टोकाला लोखंडी फाटक, दुसऱ्या टोकाला गोदामाची पत्र्याची भिंत. दोन्हीकडे जुने टायर ठेवून गोल केले. गोलकीपरला सगळे कुलूप म्हणत, कारण एकदा चेंडू छातीशी धरला की पंचांनी सांगितल्याशिवाय तो सोडत नसे.

पहिले काही दिवस नेहमीप्रमाणे पळण्यात गेले. मग एका संध्याकाळी सरांनी पोरांचे दोन गट केले, एक मोठ्यांचा आणि एक धाकट्यांचा. पूर्ण सामना खेळवायचा, मध्यंतरासकट. पोरं ताजीतवानी राहावीत म्हणून त्या दिवशी त्यांनी कुणाला एक फेरीसुद्धा मारायला लावली नव्हती.

"चला, मोठ्यांनी वरच्या गोलवर!" असं म्हणून सरांनी शिट्टी वाजवली.

पहिला हाफ झकास झाला. कॅप्टन पोरगा मधोमध उभा राहून म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश, विचार करून खेळायचा. म्हणून त्याचं नाव आजोबा. त्याचे पास आज बरोबर जिथे हवे तिथे पोचत होते. सुतळी तर वाऱ्यासारखा धावत होता. सरांना वाटलं, या वर्षी देवाने डोळे उघडले.

मध्यंतर झालं, बाजू बदलल्या, आणि पाच-सात मिनिटांत सरांनी कपाळाला हात लावला. मोठ्यांचे पास अर्ध्यावर येऊन थांबत होते. आजोबाने सुतळीला दिलेला चेंडू सुतळीच्या कितीतरी अलीकडे मेला. आणि धाकट्यांचं भलतंच सुरू झालं होतं. त्यांचा प्रत्येक चेंडू लांब, जोरात, सुसाट. एक तर फाटकावरून उडून थेट रस्त्यावर गेला आणि सायकलवरच्या एका गृहस्थाने त्यांचा उद्धार केला.

सरांनी शिट्टी फुंकली ती अशी, की पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

"दमलात? आज एक फेरी मारली नाहीत, आणि दमलात? की घाबरलात? कुणाला घाबरलात, या धाकट्यांना?" सर सुतळीकडे वळले. सुतळीने आत्ताच एक पास इतका हळू सोडला होता, की चेंडूलाच लाज वाटावी. "हा काय पास झाला? कुणाला दिलास?"

"आजोबाला सर."

"मग त्याच्यापर्यंत जायला नको?"

"जाईल ना सर," सुतळी गोंधळून म्हणाला. "उतार आहे ना. आपला आपण जाईल."

सुतळीने खाली पायांकडे बघितलं, मग इकडे, मग तिकडे.

"उतार कुठाय?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

सुतळीने मान हलवली. त्यालाही माहीत नव्हतं.

"थांबा. सगळे थांबा. मला सांगा, वरचा गोल कुठला?"

सगळ्यांचे हात एकदम उठले आणि फाटकाकडे गेले. मोठ्यांचे, धाकट्यांचे, कुलपाचे, आजोबाचे. एकही बोट चुकलं नाही. आणि सरांना जाणवलं, की आपली मानही कुणी न सांगता फाटकाकडेच वळली आहे. सुरुवातीला 'वरच्या गोलवर' असं आपणच म्हणालो होतो, आणि कुठला वरचा, असं एकाही पोराने विचारलं नव्हतं.

त्यांनी चेंडू उचलला, आवाराच्या मधोमध ठेवला आणि हात मागे घेतले. सगळी पोरं भोवती जमली. चेंडू जागचा हलला नाही. शाळेच्या मैदानावर असा स्वस्थ बसलेला चेंडू त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलाच नव्हता. सर त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले.

घाबरत नव्हती पोरं. दमतही नव्हती. पहिला हाफ चढाचा आणि दुसरा उताराचा, हे त्यांच्या पायांत इतकं मुरलं होतं, की जगातल्या प्रत्येक मैदानावर मध्यंतरानंतर त्यांचे पाय आपोआप सैल सुटत. चेंडू हळू सोडायचा, पुढचं उतार बघून घेईल. आणि बाहेरच्या मैदानांवर उतार नसायचाच. त्यांना हे शिकवलं कुणी? सरांनी. आणि सरांना शिकवलं त्याच मैदानाने.

बायको हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून घरी आली तेव्हा सर बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून कपाटापासून दारापर्यंत चेंडू सोडत होते आणि परत आणत होते.

"अहो, हे काय? आपली पोरं मोठी होऊन आपापल्या कामाला लागली, आता तुमची पाळी का?"

"बस जरा. ऐक," सर म्हणाले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता ते आजवर न सांगितलेल्या गोष्टीवर येऊन पोचले. ते स्वतः शाळेत असतानाचा शेवटचा सामना, याच मोठ्या शाळेच्या मैदानावर. दुसरा हाफ. समोर गोल मोकळा, शेजारी मित्र मोकळा, आणि यांनी दिलेला पास अर्ध्यावर थांबला. त्या चेंडूवर समोरच्यांनी जाऊन गोल केला. परतताना त्यांचे कोच म्हणाले होते, तू ऐन वेळी हातपाय गाळणारा आहेस.

"आणि तुम्ही ते खरं मानलंत?"

"मानलं. म्हणून तर कोच झालो. म्हटलं, माझ्या पोरांना तरी असं होऊ द्यायचं नाही."

"म्हणजे एवढी वर्षं मी एका भित्र्या माणसाबरोबर संसार केला आणि मला कुणी सांगितलं नाही," बायको म्हणाली. "लग्नाआधी कळतं तर जरा विचार तरी केला असता!" आणि मग तिने त्यांच्या विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला. सरांना हसू आणि हुंदका एकदमच आला. आपल्या छातीवर एवढं ओझं होतं, हे त्यांना ते उतरल्यावरच कळलं.

"अहो पण," ती जरा वेळाने म्हणाली, "तुमचं झालं. त्या पोरांचं काय? त्यांना अजून तसंच वाटतंय ना?"

दुसऱ्या दिवशी सरांनी पोरांना टायरांवर बसवलं आणि सगळं उलगडून सांगितलं. आडवळण घेतलं नाही. म्हणाले, तुम्ही कधीच घाबरला नव्हतात, मीच चुकीचं समजत होतो, आणि वर तुम्हालाच बोलत होतो.

सुतळी जमिनीकडे बघत बसला होता. "म्हणजे सर, मागच्या वर्षी मी घाबरलो नव्हतो?"

"नाही रे बाळा."

"मला वाटतच होतं," सुतळी म्हणाला. "तेव्हा मला भीती नव्हती वाटत सर. तुम्ही म्हणालात, मग वाटायला लागली."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

पण खरी कसोटी पुढेच होती. सपाट आवारात आज शिकलेलं, उद्या उताराच्या मैदानावर गेल्यावर पाय पुन्हा विसरणार. सर रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले होते आणि त्यांना एकच मार्ग दिसला होता. तो त्यांनी पोरांपुढे ठेवला: मैदान सपाट करून टाकायचं.

पोरांमध्ये एकच गलका उडाला. आजोबा नेहमीसारखा सगळ्यात शेवटी बोलला.

"सर, बाहेर हरतो ते हरतोच. पण घरी तरी जिंकतो. आपल्याकडे तेवढंच आहे. उद्या उतारही गेला आणि घरीही हरायला लागलो, तर?"

प्रश्न बिनतोड होता. सरांनी रात्रभर स्वतःला तोच विचारला होता.

"तर हरू," ते म्हणाले. "पण निदान कशामुळे हरलो ते तरी कळेल. आत्ता कशामुळे जिंकतो तेसुद्धा आपल्याला माहीत नाही. आपण जिंकतो की मैदान जिंकतं?"

"मला चालेल," कुलूप म्हणाला. "खेळ सगळा दुसऱ्या टोकाला असतो म्हणून दुसऱ्या हाफला मला गोलमध्ये झोप येते. एकदा तर जांभई देताना टाळ्या ऐकून कळलं, की आपण जिंकलो."

पोरं हसली. आजोबा हसला नाही, पण बराच विचार करून म्हणाला, "करून टाका सर. नंतर मला परत विचारू नका फक्त."

मुख्याध्यापिका आणि मशीनवाले काका पाइपच्या खड्ड्याशेजारी बोलत उभे होते. सरांनी जाऊन सगळं सांगितलं.

"त्या दिवशी तर तुम्ही काकांच्या अंगावर धावून गेला होतात," बाई म्हणाल्या.

"त्या दिवशी मी मूर्ख होतो मॅडम."

"आणि आज?"

"आज जरा कमी आहे."

बाईंनी हसू दाबलं आणि काकांकडे बघितलं. काकांनी पुन्हा खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं. भिंतीकडच्या सखल भागात मातीचे ढिगारे पडायला लागले. ज्या कोपऱ्यात सरांनी शाळकरी वयात पहिला गोल मारला होता तो डोळ्यांदेखत भरून गेला. सरांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. बारावा खेळाडू आपणच मातीत पुरतोय, असं काहीतरी मनात आलं. मग रोलर आला आणि सर आवाराकडे निघून गेले.

तयारीला आता खरी सुरुवात झाली, आणि ती पळण्याने झाली नाही. सरांनी जुन्या पद्धतीला सुट्टी दिली. मध्यंतर बंद. सर वाटेल तेव्हा शिट्टी वाजवत आणि जागच्या जागी बाजू बदलायला लावत. कधी लागोपाठ दोनदा, कधी चेंडू गोलच्या तोंडाशी असताना. पहिला हाफ नाही, दुसरा हाफ नाही. आता कुठला हाफ चाललाय, असं कुणी विचारलं, तर सर म्हणत, "चालू आहे तो." पोरांच्या नाकीनऊ आले. एखादा भलत्याच गोलवर चेंडू घेऊन सुटायचा आणि कुलूप ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा.

दुसरा नियम असा, की 'वर' आणि 'खाली' हे शब्द मैदानावर बंद. गोल दोनच, फाटकाकडचा आणि गोदामाकडचा. जो चुकेल त्याने आवाराला फेरी मारायची. नियम काढला सरांनी, आणि सगळ्यात जास्त फेऱ्याही मारल्या सरांनीच. तोंडातून 'वर' निघालं रे निघालं, की पोरं टाळ्या पिटायची आणि सर पोट सावरत, धापा टाकत फाटकापर्यंत जाऊन यायचे. एकदा आजोबाने अगदी साळसूदपणे विचारलं, "सर, सूर्य कुठे आहे?" सर म्हणाले, "वर आहे की रे," आणि पोरांची हसून हसून मुरकुंडी वळली. सरांनी ती फेरीही मारली. एवढं हसणारा संघ त्यांनी आजवर पाहिला नव्हता, कारण आजवर त्यांनी त्याला हसू दिलं नव्हतं.

हळूहळू पाय बदलायला लागले. आधी सगळेच पास जोरात जाऊ लागले, मग त्यांतले काही मोजूनमापून. सुतळी एकटाच मागे रेंगाळून गोदामाच्या पत्र्यावर चेंडू मारत बसे. पत्रा धडाधड वाजे आणि मुकादम येऊन त्याला दम भरून जाई.

सराव सामन्याचा दिवस उजाडला. मोठ्या शाळेचं मैदान हिरवंगार, कापून एकसारखं केलेलं, आणि अर्थातच सपाट. मुख्याध्यापिका सरांच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांना फुटबॉलमधलं फारसं काही कळत नव्हतं, पण काय बघायला आलोय ते पक्कं ठाऊक होतं.

पहिला हाफ एक-एकवर सुटला. पण सरांना त्याचं कौतुक नव्हतं. पहिले हाफ त्यांनी पुष्कळ पाहिले होते. मध्यंतराला पोरं भोवती जमली, पाणी प्यायली आणि सरांच्या तोंडाकडे बघायला लागली. सरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याजवळ बोलायला काहीच नाही. आयुष्यभर मध्यंतराला एकच वाक्य बोललो, आणि ते तर गेलं.

"काय सांगू?" ते मोकळेपणाने म्हणाले. "मला दुसरं काही येत नाही रे."

"राहू द्या सर," आजोबा म्हणाला. "आम्हाला कळलंय."

कळलंय म्हणणं सोपं असतं. दुसरा हाफ सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटात आजोबानेच पुढे सुतळीकडे दिलेला चेंडू ढेपाळला, वाटेतच थांबला. समोरचा उंच पोरगा धावत आला, चेंडू घेऊन थेट कुलपापर्यंत गेला आणि गोल. दोन-एक. पलीकडच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "वाघ चालले रे परत कुंपणात!" बाईंनी सरांकडे बघितलं. सरांना त्यांच्याकडे बघवेना. वाटलं, संपलं सगळं. उतारही गेला आणि संघही गेला.

खेळ पुन्हा सुरू झाला. चेंडू सुतळीकडे आला. पलीकडच्या कडेने एक धाकटा पोरगा एकटाच धावत निघाला होता. सुतळीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि पास मारला. मारला म्हणजे असा मारला, की चेंडू धाकट्याच्या कितीतरी पुढून सणसणत गेला, रेषेबाहेर पडला आणि मागच्या झाडावर जाऊन आदळला.

"शाब्बास!" सर बाकावरून ताडकन उठले. "शाब्बास रे माझ्या वाघा!"

सुतळी खांदे आवळून उभा राहिला होता. बोलणी बसणार असं समजून. मग त्याने चमकून सरांकडे बघितलं.

"गोल झाला?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम, बाहेर गेला!"

"मग?"

"जोरात गेला, मॅडम! दुसऱ्या हाफला, बाहेरच्या मैदानावर, आमच्या पोराने चेंडू जोरात मारला. मी जन्मात पाहिलं नव्हतं हे." सरांचे डोळे भरून आले होते. "चुकला तो, पण ही चूक नवी आहे. जुनी नाही!"

बाई पुढे सरकून बसल्या.

आता पोरं मोकळी झाली. सर जोरात गेलेल्या पासला शाब्बास म्हणतात, तर मग भ्यायचं कशाला? पास लांब गेले, कडेला गेले, एक तर पंचांच्या पाठीत बसला. पण अर्ध्यावर एकही मेला नाही. आणि मग हळूहळू ते जिथे जायला हवेत तिथे जाऊ लागले. उंच पोरगा एकटाच गोलवर आला तेव्हा कुलपाने झेप घेऊन चेंडू छातीशी धरला. समोरची पोरं मागे हटायला लागली. त्यांना या संघाचा दुसरा हाफ असा ठाऊकच नव्हता.

सामना संपत आला होता. आजोबाने मधोमध चेंडू थांबवला, सावकाश मान उचलली आणि दोघांच्या मधून पुढे सोडला. ना हळू, ना जोरात. चेंडू गवतावरून सरळ गेला आणि धावत्या सुतळीच्या पायाशी आला. सुतळीने थांबून विचारही केला नाही. त्याने मारलेला चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला लागला आणि जाळीत गेला.

दोन-दोन. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली.

बाहेरच्या मैदानावर न हरता संपलेल्या सामन्यानंतर काय करायचं असतं, हे पोरांना ठाऊक नव्हतं. कधी वेळच आली नव्हती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, एकमेकांकडे बघत. मग कुलपाने चेंडू टाकून धावत येऊन सुतळीला उचललं आणि सगळी त्या दोघांवर जाऊन पडली. त्या ढिगाखालून सुतळीचं हसणं ऐकू येत होतं. सर तेच ऐकत उभे राहिले.

मुख्याध्यापिका साडी झटकत उठल्या. "सर, साखळीचा पहिला सामना कुठे आहे?"

"बाहेर," सर म्हणाले.

"बरं. मग गाडी किती वाजता सांगू?"

सरांना उत्तर द्यायचं होतं. वेळ, जागा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण डोळे पुन्हा भरून आले. त्यांनी नुसतेच हात हलवले. तोवर पोरं उठून जवळ आली होती, मातीने माखलेली, घामेजलेली.

"जरा लवकरच सांगा मॅडम," आजोबा म्हणाला. "सर वाटेत रडत बसले तर वेळ जातो."

पोरं खो-खो हसली. बाईही हसल्या. सर हसता हसता खरोखरच रडायला लागले, आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.